मोटर अडखळते, नवा ईएससी लावूनही अडखळतेच: पल्सच्या वेळेतला दोष कसा शोधायचा

रेडिओ सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि मोटरीचा वेग ठरवणारा ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) यांच्या मध्ये स्वतः प्रोग्राम केलेला मायक्रोकंट्रोलर बसवला की मॉडेल विमानात एक तक्रार हमखास उद्भवते: मोटर मधेच अडखळते. कुणी दोन मोटरांचा वेग कमीजास्त करून विमान वळवण्याचा कोड लिहिलेला असतो, कुणी थ्रॉटल हळूहळू चढवण्याचा, कुणी जोडीला टेलिमेट्री (विमानातून जमिनीवर माहिती पाठवणं) आणि दिव्यांची पट्टी लावलेली असते. असे बोर्ड माझ्या टेबलावर सतत येतात, आणि तोवर मालकाने बहुतेक वेळा ईएससी बदलून पाहिलेला असतो. नवा ईएससीही जुन्यासारखाच वागतो, कारण त्याला मिळणारी पल्सच चुकीच्या लांबीची असते.

नेहमीच्या पद्धतीत ईएससीला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, जाते. तिची लांबी १००० मायक्रोसेकंद असेल तर मोटर बंद, २००० असेल तर पूर्ण वेग. म्हणजे सगळा थ्रॉटल हजार मायक्रोसेकंदांत बसवलेला आहे. दहा मायक्रोसेकंदांची चूक म्हणजे एक टक्का थ्रॉटल, ती कुणाला कळतही नाही. शंभरची चूक कानाला ऐकू येते. पाचशेची चूक उड्डाणाच्या वेळी झाली तर विमान जमिनीवर येतं.

पुढचं काहीही करण्याआधी प्रॉपेलर काढून बाजूला ठेवा. खालच्या सगळ्या तपासण्या प्रॉपशिवायच करायच्या आहेत. जिथे प्रॉप लागतो तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. वेळेचा दोष म्हणजे नेमकं काय, तर मोटर कधी फिरेल यावर तुमचा ताबा नाही. अशा मोटरीवर प्रॉप ठेवून कोड बदलत बसणं बोटांना परवडत नाही.

लक्षणं

आधी लक्षण नीट ओळखा, त्यातच अर्धं निदान असतं.

- ईएससी आर्मच होत नाही, म्हणजे मोटर चालवायला तयार होत नाही, नुसता बीप-बीप करत राहतो.
- ट्रान्समीटरची थ्रॉटल काठी स्थिर असताना मोटर मधूनच गचका देते. हा गचका ठरावीक अंतराने येतो की कसाही, हे ऐकून ठरवा. दर सेकंदाला येत असेल तर कोडमध्ये दर सेकंदाला काय चालतं तिकडे बोट जातं.
- थ्रॉटलच्या एका विशिष्ट जागीच गचका येतो, त्याच्या वर-खाली सगळं सुरळीत.
- काठी अर्ध्यावर गेली तोच पूर्ण वेग, किंवा काठी पूर्ण वर नेऊनही अर्धाच वेग.
- थ्रॉटल झटकन वाढवला की मोटर थांबते, ईएससीचे सुरुवातीचे सूर वाजतात आणि मग ती पुन्हा चालू होते.
- टेबलावर तासभर व्यवस्थित चालतं, आणि मग एकदम बिघडतं.
- जास्त वेगाला मोटर किंचाळते, थरथरते आणि बंद पडते.

शेवटचं लक्षण बहुतेक वेळा ईएससीच्या आतल्या टायमिंगचं असतं. त्याकडे शेवटी येऊ. बाकीची सगळी तुमच्या बोर्डाच्या बाजूची आहेत असं धरून सुरुवात करा.

मायक्रोकंट्रोलर वगळून पाहा

याला काही खर्च नाही आणि हत्यारही लागत नाही. बोर्ड काढा, रिसीव्हरची थ्रॉटल वायर थेट ईएससीला लावा आणि काठी सावकाश वर-खाली करा.

मोटर सुरळीत चालली तर ईएससी, मोटर, बॅटरी आणि रिसीव्हर यांच्यावरचा संशय बराचसा मिटतो. पूर्ण मिटत नाही, कारण प्रॉप नसताना मोटरीवर भार नाही. पण वेळेचे दोष भाराशिवायही दिसतात, म्हणून एवढं पुरेसं आहे. आता बोर्डाच्या मागे लागा.

थेट जोडूनही अडखळली तर कोड उघडूच नका. मोटरीच्या तीन तारांचे बुलेट कनेक्टर बघा, सोल्डर थंड राहिलेलं आहे का बघा. तीनपैकी एक फेज सुटा असेल तर मोटर फिरण्याऐवजी जागच्या जागी थरथरते. मागच्या पुढच्या कोणत्याही कोडने ते बरं होणार नाही.

ग्राउंड आणि सिग्नल वायर

बोर्ड यूएसबीवर आणि ईएससी बॅटरीवर चालवताना दोघांचं ग्राउंड जोडायचं राहून जातं. मग सिग्नल कशाच्या तुलनेत वर गेला हे ईएससीला कळतच नाही आणि तो मनाला येईल तसं वाचतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून बोर्डाचं ग्राउंड आणि ईएससीच्या सिग्नल प्लगमधली काळी किंवा तपकिरी वायर तपासा. हे करताना एक पथ्य पाळा: यूएसबी लावलेली असेल तर ईएससीकडून येणारी लाल वायर प्लगमधून काढून ठेवा. दोन वेगवेगळे ५ व्होल्ट एकमेकांना जोडले तर संगणकाच्या पोर्टलाही इजा होऊ शकते.

३.३ व्होल्टचा बोर्ड वापरत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. जुन्या प्रकारच्या कित्येक ईएससींमध्ये ५ व्होल्टवर चालणारी एटीमेगा चिप असते. तिला 'वर' समजायला पुरवठ्याच्या ०.६ पट, म्हणजे ३.० व्होल्ट लागतात. तुमच्याकडून ३.३ जातात. शिल्लक उरली ०.३ व्होल्ट. मोटरीचा करंट वाढला की ग्राउंडच्या तारेत तेवढी व्होल्टेजची घट सहज होते आणि पल्स अधूनमधून हुकते. लक्षण: कमी थ्रॉटलला ठीक, जास्त थ्रॉटलला गचके. मध्ये ५ व्होल्टचा एक बफर टाकला की प्रश्न संपतो.

पुरवठा

थ्रॉटल झटकन वाढवल्यावर मोटर थांबून सुरुवातीचे सूर वाजत असतील तर आधी इथे या. एटीमेगा३२८पी ही आर्डुइनोतली चिप १६ मेगाहर्ट्झवर चालवायला किमान सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. पण नेहमीच्या आर्डुइनो बोर्डात व्होल्टेज पडल्यावर चिप रीसेट करणारी मर्यादा २.७ व्होल्टला बसवलेली असते. ३.८ ते २.७ या मधल्या पट्ट्यात चिप बंदही होत नाही आणि भरवशाने चालतही नाही. सर्व्होंनी एकदम जोर मारला, बीईसीचं (ईएससीतून बोर्डाला आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देणाऱ्या भागाचं) व्होल्टेज क्षणभर ३.३ वर आलं, आणि कोडने वेडंवाकडं काही केलं, तर ते हुबेहूब वेळेच्या दोषासारखं दिसतं. लोक मग आठवडेच्या आठवडे कोड चाळत बसतात.

ओळखायचं कसं? कोडच्या सुरुवातीला, सेटअपमध्ये, एलईडी पाच वेळा भराभर लुकलुकवा. काम चालू असताना तो लुकलुकाट पुन्हा दिसला की बोर्ड रीसेट झाला हे नक्की. लुकलुकाट दिसला नाही तरी पुरवठ्याला लगेच निर्दोष ठरवू नका, कारण मधला पट्टा आहेच. बोर्डाला वेगळी छोटी बॅटरी द्या, ईएससीची लाल वायर काढा, ग्राउंड मात्र जोडलेलं ठेवा, आणि तोच प्रयोग करा. गचके गेले तर बीईसी अपुरा आहे. बोर्डाच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्याने पुष्कळदा भागतं. सर्व्हो जड असतील तर स्वतंत्र बीईसीच बसवा.

बोर्डाचं घड्याळ खरं चालतं का

एवढी साधी आणि एवढी फायद्याची तपासणी दुसरी नाही, आणि ती कुणीच करत नाही. एलईडी एक सेकंद चालू, एक सेकंद बंद असा कोड टाका. फोनवर स्टॉपवॉच लावा आणि तीस लुकलुक मोजा. बरोबर एक मिनिट लागायला हवं.

तीस सेकंदच लागले तर कोडला वाटतंय की चिप ८ मेगाहर्ट्झची आहे, पण ती १६ वर पळतेय. दोन मिनिटं लागली तर उलटं. प्रो मिनी बोर्डात हा घोटाळा फार होतो. तो ५ व्होल्ट-१६ मेगाहर्ट्झ आणि ३.३ व्होल्ट-८ मेगाहर्ट्झ अशा दोन रूपांत मिळतो, दोन्ही दिसायला सारखे, आणि दोघांचे बूटलोडर (चिपमध्ये कोड उतरवून घेणारे छोटे प्रोग्राम) एकाच बॉड रेटने, म्हणजे वेगाने, कोड घेतात. मेन्यूत चुकीचा पर्याय निवडला तरी अपलोड यशस्वी होतं, कुठलीही तक्रार येत नाही. फक्त प्रत्येक वेळ दुप्पट किंवा निम्मी होते. १५००ची पल्स ७५०ची जाते आणि ईएससी ती ओळखतच नाही. याच वेळी सिरीयल मॉनिटरवर अक्षरांऐवजी कचरा उमटत असेल तर शंकाच नको.

सुटी चिप विकत घेऊन स्वतः बोर्ड बनवला असेल तर ती कारखान्यातून आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर, आणि त्यालाही आठने भागून, १ मेगाहर्ट्झवर चालणारी येते. फ्यूज, म्हणजे चिपच्या कायमच्या सेटिंग, बदलेपर्यंत बाहेरचा क्रिस्टल नुसता शोभेला. आतला ऑसिलेटर तसाच वापरायचा म्हटलं तर कारखान्यातल्या जुळणीत त्याची अचूकता १० टक्क्यांच्या आतबाहेर धरतात. १०००ची पल्स ११०० झाली की ईएससीला वाटतं काठी वर आहे, आणि तो आर्म होत नाही. विमानात क्रिस्टल किंवा रेझोनेटरच वापरा.

तुम्ही काय पाठवताय ते कोडमध्ये वाचा

आता कोड उघडा, पण अजून बदलू नका.

सर्व्हो लायब्ररीला अंशांत आकडा दिला असेल तर तो आधी काढा. त्या लायब्ररीत ० अंश म्हणजे ५४४ मायक्रोसेकंद आणि १८० अंश म्हणजे २४००. 'मध्य' समजून दिलेले ९० अंश प्रत्यक्षात १४७२ होतात. ईएससीला ५४४ची पल्स म्हणजे बिघाड वाटू शकतो, आणि २००० ते २४०० हा सगळा टप्पा वाया जातो. काठी पूर्ण वर जाण्याआधीच पूर्ण वेग येण्याचं हे एक नेहमीचं कारण. आकडा थेट मायक्रोसेकंदांत द्या.

दुसरं, याच लायब्ररीत पिन जोडताक्षणी १५००ची पल्स जायला लागते. ईएससी जागा होतो तेव्हा त्याला अर्धा थ्रॉटल दिसतो, आणि सुरक्षेसाठी तो आर्म व्हायला नकार देतो. ते त्याचं बरोबरच आहे. पिन जोडण्याच्या ओळीच्या आधीच १००० लिहून ठेवा आणि मग दोन-तीन सेकंद तेवढंच पाठवत राहा. त्यानंतर ईएससीचं थ्रॉटल कॅलिब्रेशन तुमच्या बोर्डाच्या पल्सवर पुन्हा करा, रिसीव्हरच्या नव्हे.

तिसरं, अॅनालॉगराइट या फंक्शनने थ्रॉटल पाठवू नका. ती पल्स सेकंदाला सुमारे ४९० वेळा जाते, ५ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर तर ९८० वेळा, आणि लांबी आठ मायक्रोसेकंदांच्या किंवा चारच्या पायऱ्यांनी बदलते. काही ईएससी ते चालवूनही घेतात, म्हणून लोक फसतात.

चौथं, आठ-बिटी आर्डुइनोत इंट हा पूर्णांकाचा प्रकार १६ बिटांचा असतो, ३२,७६७ च्या पुढे गेला की ऋण होतो. ४० गुणिले १००० असा हिशेब कुठे केलेला असेल तर तिथे लाँग लिहा.

आता मोजा

इथवर सापडलं नाही तर अंदाज थांबवा आणि पल्स मोजा. आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा साधा लॉजिक अॅनालायझर (पल्सच्या वेळा नोंदवणारं यंत्र) या कामाला पुरून उरतो. पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्याबरोबर चालतं. एक चॅनेल रिसीव्हरकडून येणाऱ्या वायरवर लावा, दुसरा ईएससीकडे जाणाऱ्या वायरवर. काठी स्थिर ठेवा आणि निदान एक मिनिट नोंद घ्या.

सरासरी बघू नका. सरासरी १५०० येते आणि सगळं आलबेल वाटतं. सर्वांत छोटी आणि सर्वांत मोठी पल्स शोधा. मिनिटभरात सुमारे तीन हजार पल्स जातात, त्यांतल्या पाच-सात जरी बिघडलेल्या असल्या तरी विमानाला तेवढ्या पुरतात.

येणारी पल्स स्वच्छ आणि जाणारी बिघडलेली असेल तर दोष तुमच्या कोडमध्ये आहे, आता यात वाद नाही. दोन्ही स्वच्छ असताना मोटर अडखळत असेल तर कोड सोडा आणि मोटर-ईएससीकडे जा. या एका मोजणीने प्रश्नाचे दोन तुकडे होतात आणि एक तुकडा कायमचा बाजूला पडतो. म्हणून मी हे न करता कुणाच्याही कोडला हात लावत नाही.

सर्व्हो लायब्ररी वापरत असाल तर काही मायक्रोसेकंदांची थरथर दिसेल. तिच्या मागे लागू नका. मिलिस हे वेळ मोजणारं फंक्शन चालवणारा टायमर-शून्यचा इंटरप्ट (मुख्य कोड मधेच थांबवून चालणारा छोटा कोड) दर १०२४ मायक्रोसेकंदांनी येतो आणि पल्सची कडा तेवढ्यापुरती मागे ढकलतो. ते अपेक्षित आहे. वीस-तीसच्या वर गेलं की मात्र पुढे वाचा.

इंटरप्ट कोण अडवून धरतं

सर्व्हो लायब्ररी पल्सची सुरुवात आणि शेवट टायमरच्या इंटरप्टमध्ये, सॉफ्टवेअरने करते. त्या क्षणी दुसऱ्या कुणी इंटरप्ट बंद करून ठेवले असतील तर पल्स संपायला उशीर होतो, म्हणजे ती लांबते. नेहमीचे तीन अडवणारे:

सॉफ्टवेअर सिरीयल एक अक्षर पाठवताना इंटरप्ट बंद ठेवतं. ९६०० बॉडला एक अक्षर साधारण १०४० मायक्रोसेकंद घेतं. अर्ध्या थ्रॉटलची पल्स नेमकी त्यात सापडली तर ती पूर्ण थ्रॉटलची होऊनही वर उरते. दर सेकंदाला टेलिमेट्री आणि दर सेकंदाला गचका, हा हिशेब असा जुळतो.

रंगीत एलईडी पट्टीला प्रत्येक दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद लागतात आणि त्या काळात तिच्या लायब्ररीला इंटरप्ट चालत नाहीत. तीस दिवे म्हणजे ९०० मायक्रोसेकंद. पंखांवर दिवे लावले आणि मोटर बिघडली, अशी तक्रार आली की मी हसत नाही, सरळ लायब्ररी बघतो.

तिसरे म्हणजे एका तारेवर बोलणारे तापमान-आर्द्रतेचे सेन्सर. त्यांच्याही लायब्ऱ्या वाचताना इंटरप्ट बंद करतात.

उपाय एकेकाला बंद करून बघण्याचा आहे, पण कायमचा इलाज वेगळा: पल्स सॉफ्टवेअरने बनवूच नका. एटीमेगा३२८पीचा टायमर-एक १६ बिटांचा आहे आणि तो ९ व १० क्रमांकाच्या पिना स्वतः हलवू शकतो. प्रीस्केलर (घड्याळाला भागणारा आकडा) ८ ठेवला की एक टिक अर्ध्या मायक्रोसेकंदाची होते. वरची मर्यादा ३९,९९९ ठेवली की बरोबर २० मिलिसेकंदांचा काळ मिळतो, आणि तुलनेच्या रजिस्टरमध्ये २००० ते ४००० टाकलं की १००० ते २००० मायक्रोसेकंद. मग इंटरप्ट बंद असोत, कोड कुठे अडकलेला असो, पल्सची लांबी एका टिकनेही हलत नाही. नवा आकडाही पल्सच्या मध्येच न घुसता पुढच्या फेरीला लागू होतो. अॅनालायझरवर आधीची आणि नंतरची नोंद शेजारी ठेवून बघा: आधी पल्सची मागची कडा धुरकट पट्ट्यासारखी दिसते, नंतर एकच रेघ.

यात एक धोका आहे. कोड गोठला तरी हार्डवेअर शेवटची पल्स इमानेइतबारे पाठवत राहतं, म्हणजे मोटर चालूच राहते. म्हणून वॉचडॉग टायमर, म्हणजे कोड अडकला की चिप रीसेट करणारा टायमर, लावणं सक्तीचं समजा. रिसीव्हरची पल्स १०० मिलिसेकंद आली नाही तर थ्रॉटल १०००वर आणा.

पल्सइन या फंक्शनने रिसीव्हर वाचत असाल तर तेही बदला. सिग्नल गेला की ते फंक्शन काही न सांगता पूर्ण एक सेकंद वाट बघत बसतं. सिग्नल असतानाही, पल्स नुकतीच निघून गेली असेल तर पुढच्या फेरीपर्यंत थांबतं. चार चॅनेल असे वाचले तर थ्रॉटलचा आदेश पोहोचायला जाणवण्याइतका उशीर होतो. पिन बदलल्यावर येणाऱ्या इंटरप्टने वाचा.

एका ठरावीक जागीच गचका

इंटरप्टने वाचायला लागलात की हा दोष दाराशी उभा असतो. कित्येक जण त्याला काठीच्या पोटेन्शिओमीटरचा दोष समजून ट्रान्समीटर उघडतात.

आठ-बिटी चिप १६ बिटांचा आकडा एका दमात वाचू शकत नाही. ती आधी खालचा बाइट उचलते, मग वरचा. समजा इंटरप्टने साठवलेली लांबी १५३५ आहे. म्हणजे वरचा बाइट ५ आणि खालचा २५५, कारण ५ गुणिले २५६ अधिक २५५. मुख्य कोडने खालचा २५५ उचलला. त्याच क्षणी इंटरप्ट आला आणि नवी लांबी १५३६ लिहून गेला: वरचा ६, खालचा ०. मुख्य कोड परत आला आणि त्याने वरचा ६ उचलला. हातात पडले ६ गुणिले २५६ अधिक २५५, म्हणजे १७९१. जो आकडा रिसीव्हरने कधी पाठवलाच नाही तो ईएससीला गेला, आणि मोटरीने एका फेरीपुरती पाव थ्रॉटलची उडी घेतली. आकडा उतरताना हेच झालं तर १२८० मिळतात आणि मोटर दचकून मंदावते.

हाच प्रकार १०२३-१०२४, १२७९-१२८० आणि १७९१-१७९२ या सीमांवर होतो. काठी सीमेच्या दोन-चार आकडे आसपास असली की रिसीव्हरची नैसर्गिक थरथर आकडा सारखा सीमेपलीकडे-अलीकडे नेते आणि गचके सुरू होतात. काठी जरा हलवली की सगळं शांत. १०२३-१०२४ची सीमा सर्वांत वाईट, कारण मोटर बंद आहे असं समजून माणूस जवळ गेलेला असतो आणि पल्स एकदम १२७९ची जाते. लांबी अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या टिकांत साठवत असाल तर या सीमा दर १२८ मायक्रोसेकंदांनी येतात.

चलापुढे नुसतं व्होलाटाइल लिहिल्याने हे जात नाही. इंटरप्ट बंद करा, आकडा स्थानिक चलात उतरवून घ्या, लगेच इंटरप्ट चालू करा, आणि पुढचा सगळा हिशेब त्या प्रतीवर करा. बंद काळ दोन-चार क्लॉकचा असतो, त्याने काही बिघडत नाही. ३२-बिटी चिपवर एक आकडा एकदम वाचला जातो, पण एकमेकांवर अवलंबून असलेले दोन आकडे वाचत असाल तर तिथेही हीच काळजी घ्या.

तासाभराने बिघडणारा कोड

मायक्रोस या वेळ मोजणाऱ्या फंक्शनचा आकडा ३२ बिटांचा असतो, तो सुमारे ७१.६ मिनिटांनी शून्यावर येतो. 'आताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का' अशी तुलना केलेली असेल तर त्या क्षणी ती चुकते. 'आताची वेळ वजा मागची वेळ' किती आहे ते बघा आणि दोन्ही अनसाइन्ड लाँग ठेवा. मग उलटल्याने काही फरक पडत नाही. उड्डाण दहा मिनिटांचं असलं तरी दुरुस्त कराच, कारण बोर्ड कधी चालू केला हे विमानाला माहीत नसतं.

ईएससीच्या आतलं टायमिंग

पल्स स्वच्छ आहे आणि तरी जास्त वेगाला मोटर किंचाळून बंद पडते, तर प्रश्न फेज बदलण्याच्या वेळेचा आहे. तयार ईएससी असेल तर सेटिंगमध्ये टायमिंग एक पायरी बदलून बघा आणि डीमॅग कॉम्पेन्सेशन (वळणांमधल्या विझत्या करंटमुळे ताल सुटू नये म्हणून असलेली सेटिंग) वाढवा. ही चाचणी भाराशिवाय होत नाही: प्रॉप लावा, विमान घट्ट बांधा, प्रॉपच्या फिरण्याच्या पातळीत कुणीही उभं राहू नका, आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. टायमिंग वाढवलं की करंट आणि उष्णताही वाढते, म्हणून दर खेपेला थांबवून मोटरीला हात लावून बघा.

स्वतः ईएससी लिहिणाऱ्यांसाठी एक हिशेब देतो. १४ चुंबकांची मोटर ८००० फेऱ्यांवर फिरतेय. चुंबकांच्या सात जोड्या, म्हणजे मिनिटाला ५६,००० इलेक्ट्रिकल फेऱ्या. प्रत्येकीत सहा पायऱ्या, म्हणजे सेकंदाला ५,६००. एका पायरीला सुमारे १७९ मायक्रोसेकंद मिळाले. बॅक-ईएमएफ, म्हणजे फिरत्या मोटरीत तयार होणारं व्होल्टेज, शून्य ओलांडतो त्यानंतर ३० अंशांनी, म्हणजे ८९ मायक्रोसेकंदांनी, फेज बदलायचा. एक अंश साधारण ३ मायक्रोसेकंदांचा. एखाद्या इंटरप्टने ५० मायक्रोसेकंद खाल्ले तर तुम्ही १७ अंश उशिरा आहात.

आता अॅनालॉगरीड हे व्होल्टेज वाचणारं फंक्शन बघा. नेहमीच्या सेटिंगमध्ये एका वाचनाला शंभरहून जास्त मायक्रोसेकंद लागतात. पायरीच १७९ची असताना त्याने शून्य-ओलांडणी पकडणं शक्यच नाही. कमी वेगाला मोटर फिरते आणि वेग वाढला की ताल सुटतो, त्याचं कारण हे. चिपमधला अॅनालॉग कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारा भाग) वापरा. एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) बंद ठेवून त्याच्या मल्टिप्लेक्सरमधून (इनपुट निवडणाऱ्या भागातून) तिन्ही फेज आळीपाळीने कंपॅरेटरला देता येतात. फेज बदलल्यावर लगेच येणारा वळणांमधला विझता करंट खोटी ओलांडणी दाखवतो, म्हणून सुरुवातीचा काही काळ दुर्लक्षित करा, आणि पीडब्ल्यूएमच्या (वेग ठरवण्यासाठी करंट भराभर चालू-बंद करण्याच्या) कडेवर कधीही वाचू नका.

डीशॉटवर, म्हणजे ईएससीला आकड्यांत संदेश पाठवणाऱ्या डिजिटल पद्धतीवर, गेलं की हे सगळं सुटेल, असं पुष्कळांना वाटतं. त्यात प्रत्येक संदेशात चार बिटांची तपासणी असते, बिघडलेला संदेश टाकून दिला जातो आणि कॅलिब्रेशन लागत नाही, हे खरं. पण डीशॉट६००चा एक बिट १.६७ मायक्रोसेकंदांचा असतो, १६ मेगाहर्ट्झच्या चिपवर जेमतेम २७ क्लॉक. ज्या कोडला हजार मायक्रोसेकंद नीट पाळता येत नाहीत त्याला हे जमणार नाही. डीएमए (कोडच्या मदतीशिवाय डेटा हलवणारी सोय) असलेली ३२-बिटी चिप हातात असेल तर जरूर वळा.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही दिसलं की बॅटरी काढा आणि काम जाणत्याकडे द्या.

ईएससी मोटर न फिरवताही गरम होतो, किंवा जळका वास येतो. बॅटरी काढून मल्टिमीटरने मोजल्यावर मोटरीची एखादी फेज बॅटरीच्या धन किंवा ऋण तारेशी जवळजवळ शून्य ओहम दाखवते. म्हणजे तिथला मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) गेला. एकदा जळालेला ईएससी मॉसफेट बदलून विमानात परत बसवू नका, कारण गेट ड्रायव्हरला काय झालं हे बाहेरून कळत नाही. स्वतः बनवलेल्या ब्रिजमध्ये (मॉसफेटच्या जोड्यांच्या सर्किटमध्ये) वरचा-खालचा मॉसफेट एकत्र चालू होत असल्याची शंका आली तरीही थांबा. तिथे डेड टाइम (एक बंद होऊन दुसरा चालू होण्यामधला वेळ) ऑसिलोस्कोपवरच बघावा लागतो, आणि लिथियम पॉलिमर बॅटरी तेवढ्यात तार वितळवण्याइतका करंट सोडते. असे ब्रिज पहिल्यांदा करंटची मर्यादा असलेल्या बेंच सप्लायवरच चालवायचे असतात. बॅटरी फुगली असेल तर ती चार्जही करू नका.

आणि दोष कधी येतो, कधी जातो, कारण सापडलेलं नाही, पण आज सकाळपासून आला नाही, अशा स्थितीत उडवायचं नाही. तो बोर्ड वगळा, रिसीव्हर थेट जोडा आणि तसं उडवा.

दुरुस्तीला देताना बोर्ड आणि ईएससी दोन्ही द्या. सोबत कोडची नेमकी तीच प्रत, लॉजिक अॅनालायझरची मिनिटभराची नोंद, मोटरीचं केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाच्या फेऱ्या) आणि चुंबकांची संख्या, प्रॉपचं माप, बॅटरीचे सेल, ईएससीच्या फर्मवेअरचं नाव आणि आवृत्ती, आणि गचका थ्रॉटलच्या कोणत्या आकड्याला येतो हे कागदावर लिहून द्या. तो शेवटचा आकडा १५३५च्या आसपास असेल तर दुरुस्ती करणाऱ्याचं निम्मं काम तिथेच झालं.